अनंत चतुर्दशी आणि ईद एकाच दिवशी कशी आली?

२०२३ चं जुनं कॅलेंडर घरात असेल तर टाकू नका, वर्गात कामाला येतं. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद, दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. अनेक शहरांत मुस्लिम बांधवांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला, सरकारनेही ईदची सुट्टी २९ ला दिली. आमच्या वाकडच्या वर्गात दोन्ही घरची मुलं एकाच बाकावर. कोणामुळे कोणाचा सण सरकला, यावर वाद व्हायचाच!

खरं तर सरकवतो तो चंद्र. त्याचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ चं. हिजरी वर्षात हा फरक भरून काढत नाहीत, म्हणून ईद दरवर्षी साधारण ११ दिवस आधी येते. आपल्या पंचांगात दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालतात. २०२३ ला अधिक श्रावण होता, म्हणून गणपती १९ सप्टेंबरला बसले.

पुढची दोन वर्षं अधिक महिना नाही, मग दोन्ही सण जोडीनेच मागे आले. २०२४ ला ईद १६ सप्टेंबरला, चतुर्दशी १७ ला. २०२५ ला ५ आणि ६. मुलांना तिन्ही कॅलेंडरं देऊन तारखांना गोल करायला सांगा, मग २०२६ चं द्या. त्यात अधिक ज्येष्ठ आहे आणि जोडी फुटते: ईद ऑगस्टच्या अखेरीस, गणपती १४ सप्टेंबरला. ‘बाई, परत एकत्र कधी?’ असं विचारतीलच. २०२३ पासून साधारण ३२-३३ वर्षांनी, तेव्हा ती चाळिशीत असतील.