भिंतीला चिकटलेला राखणदार

टर्बट म्हणजे आपल्या लेपीसारखाच चपटा, पण अंगाने बराच थोराड मासा. स्पेनच्या वायव्य टोकाला, गॅलिशियात, त्याची शेती चालते. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं. तीनेक दिवसांनी तोंड उघडलं की ते पहिला घास घेतं, आणि बहुतेक वेळा घात होतो तो तिथेच. घासाबरोबर व्हिब्रिओ नावाचा जंतू पोटात जातो. पटकीचा जंतू याच कुळातला. माशांना छळणारा त्याचा भाऊबंद म्हणजे व्हिब्रिओ अँग्विलॅरम. तो माजला की टाकीच्या टाकी बसते.

मोठ्या माशांचं एक बरं असतं, त्यांना लस टोचता येते. नॉर्वेत १९८७ साली सामन माशांना जवळपास ५० टन प्रतिजैविकं चारली गेली होती. लशी आल्या आणि मासे कित्येक पटींनी वाढूनही तो आकडा नाममात्र उरला. पण ३ मिलिमीटरच्या पिल्लाला सुई कुठे टोचणार? आणि टोचली तरी लस ओळखणारी प्रतिकारशक्ती त्याच्यात अजून तयारच झालेली नसते.

डेन्मार्कच्या संशोधक लोन ग्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध शोधलं ते गॅलिशियातल्या टर्बटच्या बीजकेंद्रातच. निरोगी पिल्लांच्या टाक्यांमधले जंतू वाढवायचे आणि व्हिब्रिओ पसरलेल्या बशीवर त्यांचे ठसे उमटवायचे, असा तो उद्योग. दुसऱ्या दिवशी बशी दुधट दिसते, कारण व्हिब्रिओ सगळीकडे वाढलेला असतो. एखाद्याच तपकिरी ठिपक्याभोवती मात्र काचेसारखं स्वच्छ कडं दिसतं. त्या कड्यात व्हिब्रिओ मेलेला असतो. अशा हजारो ठिपक्यांतून हाती लागलेला एक गट रोझिओबॅक्टर कुळातला निघाला. आज त्याला फेओबॅक्टर म्हणतात. २००४ साली हे काम प्रसिद्ध झालं. हा जंतू मिळाला होता टाकीच्या भिंतींवर, म्हणजे सफाईत जे घासून काढलं जातं त्यात!

त्याचं हत्यार म्हणजे ट्रोपोडायथायटिक आम्ल, थोडक्यात टीडीए. व्हिब्रिओसारखा जंतू आपल्या आवरणाबाहेर प्रोटॉन ढकलत राहतो आणि ते परत आत येताना त्यांच्या जोरावर आपली कामं उरकतो. टीडीए त्या प्रोटॉनांना चोरवाटेने आत आणतं. गच्चीवरच्या टाकीत पंप पाणी चढवतोय आणि खाली नळ उघडाच राहिलाय, तशी व्हिब्रिओची गत होते. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या थोड्या थोड्या टीडीएत वाढवूनही जंतूंना त्याला पुरून उरणं सहजी जमलं नाही. प्रतिजैविकांच्या बाबतीत असं भाग्य विरळाच.

गॅलिशियातल्या त्या वाणाची एक खोड मात्र मजेशीर आहे. चंबू हलवत ठेवला तर तो टीडीए बनवत नाही. स्थिर पाण्यात, पृष्ठभागावर एकमेकांना बिलगून फुलासारखे झुबके केले, की मगच बनवतो. जंतू वाढवताना चंबू हलवत ठेवायची रीतच असल्याने असे किती गुणी जंतू ‘निरुपयोगी’ म्हणून मोरीत गेले असतील, कोण जाणे.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न कोळंबीचा आहे. बीजकेंद्रात व्हिब्रिओ हार्वेयी शिरला, की रात्री दिवे मालवल्यावर आजारी पिल्लं हिरवट-निळी चमकतात. दिसायला सुरेख, पण मालकाच्या पोटात गोळा आणणारं दृश्य. कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडं बनतच नाहीत, त्यामुळे माशांसारखी लस इथे चालत नाही. प्रतिजैविकं ओतावीत, तर २००२च्या सुमारास त्यांच्या अंशांवरूनच युरोपने आशियातली कोळंबी अडवली होती. मग उरतात त्या उपकारक जंतूंच्या पुड्या. बहुतेक पुड्यांत बॅसिलस नावाचा जंतू असतो आणि वर ठसठशीत ‘नैसर्गिक’ छापलेलं असतं.

त्या शब्दावर माझा फारसा भरवसा नाही. फेओबॅक्टरचंच पाहा. समुद्रात तो सूक्ष्म शैवालांच्या अंगावर राहतो, टीडीए बनवून त्यांची राखण करतो आणि त्यांच्याकडून खाऊ घेतो. शैवाल म्हातारं होऊन पाझरू लागलं, की हाच राखणदार त्याला मारणारी रसायनं बनवतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०११ साली हे दाखवलं. आणि बीजकेंद्रात पिल्लांचं खाद्य असलेले रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी तर बऱ्याचदा शैवालावर पोसले जातात.

तरीही चाचण्यांनी आशा दाखवली आहे. रोटिफर पाणी गाळून खातात, त्यामुळे ते आधी फेओबॅक्टरच्या पाण्यात सोडले की त्याने गच्च भरतात. असे रोटिफर खाल्लेली टर्बटची पिल्लं व्हिब्रिओच्या तडाख्यात कमी मेली. कॉड माशाच्या पिल्लांनाही फेओबॅक्टरचा असाच फायदा दिसला. फक्त पिल्लाच्या आतड्यात तो घर करत नाही. त्यामुळे तो खुराकाबरोबर पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.