तंबू आतून ओला का होतो?

डिसेंबरात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी मुलाबाळांसह तंबूत झोपलात, की पहाटे कपाळावर टपकन थेंब पडतो. पाऊस नाही, तंबू फाटलेलाही नाही. मग पाणी आलं कुठून? बरंचसं तुमचंच! श्वासातून आणि त्वचेतून चौघांच्या कुटुंबाची रात्रभरात लिटरभर वाफ बाहेर पडते. निरभ्र रात्री तंबूचं कापड आपली उष्णता आकाशाकडे सोडत गार होतं आणि वाफ त्यावर दव बनून बसते.

त्यात प्रवरेचं हे खोरं डोंगरांनी वेढलेलं. थंड हवा जड असल्याने रात्री ती उतारांवरून ओघळत खाली साचते. पाणी मात्र सावकाश निवतं. म्हणूनच पहाटे जलाशयावर वाफाळलेल्या चहासारखं धुकं तरंगतं (हे बघण्यासाठी तरी लवकर उठावं).

तेव्हा फोटोसाठी अगदी पाण्यालगत तंबू ठोकू नका. थोडं वर, सपाट जागी ठोका. थंडी वाजली तरी झडपा किंचित उघड्या ठेवा. आणि पेटती शेगडी आत कधीही नेऊ नका : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला तो जागं करत नाही.