कोंडलेल्या हवेचें माप

खोलींतील हवा कोंदट झाली आहे हें बाहेरून येणारास तत्काळ कळतें. आंत बसलेल्यास मात्र कळत नाहीं. नाक वासास सरावतें, डोळे जड होतात, जांभया येतात, आणि त्याचा दोष आपण जेवणास अथवा व्याख्यात्यास देतों. नाक असा बेभरंवशाचा साक्षीदार असल्यामुळें दुसरें माप हवें. तें माप म्हणजे आपणच उच्छ्वासावाटे सोडीत असलेला कार्बन डायॉक्साइड, अर्थात् कर्बाम्ल वायु.

ही कल्पना जुनी आहे. म्युनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर ह्यांनीं १८५८ सालीं राहत्या घरांतील हवेच्या अदलाबदलीविषयीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. वसतीच्या खोलींत ह्या वायूचें प्रमाण दशलक्षांत १००० भागांहून अधिक नसावें, असा दंडक त्यांनीं घातला. एवढ्या अल्प प्रमाणांत तो विषारी आहे, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. माणसांच्या अंगांतून जीं इतर मलिन द्रव्यें हवेंत मिसळतात, तीं मोजणें दुर्घट. पण कर्बाम्ल त्यांच्याबरोबरच वाढतो, म्हणून तो त्यांची खूण. नैयायिक पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करितात, त्यांतलाच हा प्रकार होय.

आतां गणित पाहूं. त्रैराशिकापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य तासाला सुमारें १८ लिटर कर्बाम्ल सोडतो. बाहेरील हवेंत आज त्याचें प्रमाण दशलक्षांत सुमारें ४२५ आहे. मर्यादा १००० धरल्यास वाढीला वाव ५७५ चा. तेव्हां १८ लिटर वायु सामावून घेण्यास दर माणशीं तासाला सुमारें ३१ घनमीटर ताजी हवा लागते. चाळीस श्रोत्यांच्या सभागृहास ती साडेबाराशें घनमीटर लागेल. १९५८ सालीं बाहेरील प्रमाण सुमारें ३१५ होतें; तेव्हां माणशीं २६ घनमीटर पुरले असते. बाहेरचें आकाश मलिन झाल्याचा भुर्दंड घरालाहि पडतो तो असा.

हाच हिशेब शयनगृहास लावून पाहावा. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोलींत ३४ घनमीटर हवा मावते. निजलेलीं दोन माणसें तासाला सुमारें २५ लिटर कर्बाम्ल सोडतात. खोली पूर्ण बंद असेल तर प्रमाण दर तासाला सातशेंहून अधिक वाढेल, व अडीच तासांत दोन हजारांपलीकडे जाईल. फटींतून हवा येते म्हणून वाढ कांहींशी मंदावते, इतकेंच. भिंतीवरील वातानुकूलन यंत्र बहुधा आंतलीच हवा गार करून परत देतें. नवी हवा आणीत नाहीं. उलट, एक चौरस फुटाच्या वाटेनें सेकंदास वीस सेंटिमीटर वेगाची झुळूक आली, तर तासाला ६७ घनमीटर हवा मिळते, म्हणजे दोघांस पुरेशी. मात्र समोर तेवढीच वाट तिला जाण्यासहि हवी. आपल्या जुन्या वाड्यांतील समोरासमोरच्या खिडक्यांचें रहस्य हेंच.

कोविडच्या सांथीनें ह्या मापाचें महत्त्व जगास पटविलें. प्रमाण १२०० झालें कीं, आपल्या श्वासांतील सुमारें पन्नासावा भाग कोणाच्या तरी फुप्फुसांतून येऊन गेलेला असतो! म्हणूनच २०२१ सालीं इंग्लंडांतील शाळांना सरकारनें हीं मापकयंत्रें पुरविलीं. वर्गांत जन्म घालविलेल्या मजसारख्यास, दुसऱ्या तासानंतर पेंगणारीं मुलें केवळ आळशी नव्हतीं असें आतां वाटतें.

यंत्र घेणाऱ्यानें अवरक्त किरणांवर चालणारें घ्यावें, व तें खिडकीपाशीं किंवा तोंडासमोर ठेवूं नये. खोली रिकामी झाल्यावर बाहेरच्याहून असलेला अधिकपणा एका तासांत १००० वरून ३७० वर उतरला, तर तासाला एकवार हवा बदलते असें समजावें.

शेवटीं एक इशारा. धूळ व स्वयंपाकाचा धूर हें यंत्र मोजीत नाहीं. बंद न्हाणीघरांतील गॅसच्या बंबापासून किंवा कोळशाच्या शेगडीपासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा तर निराळाच, प्राणघातक वायु. त्याचीहि सूचना ह्या यंत्राकडून मिळत नाहीं. तेथें आंकड्याची वाट न पाहतां आधीं झरोका उघडा असावा.