अमेरिकेचा अभ्यास आणि ‘अस्मिता’

परक्या देशाच्या संस्कृतीचा विद्यापीठात अभ्यास कशासाठी करावा, असे पुष्कळदा विचारले जाते. पदवी, नोकरी, परदेशगमन ही उत्तरे सर्वांच्या परिचयाची आहेत. महाराष्ट्रात मात्र अमेरिकेच्या अभ्यासातून याहून वेगळे काही घडले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मे १९१६ मध्ये तेथील चर्चासत्रात त्यांनी निबंध वाचला, तो भारतातील जातिसंस्थेवर. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांच्या प्रश्नाकडेही त्यांचे लक्ष होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांच्या वतीनेही असा अर्ज करण्याचा विचार त्यामागे होता.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५० साली महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. अमेरिकेत साहित्याचा अभ्यास करून परतलेले म. ना. वानखडे यांनी या परिसरात कृष्णवर्णीय लेखकांची ओळख करून दिली. जनार्दन वाघमारे यांनीही त्या साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. ज्यांच्या दुःखाला ग्रंथात जागा नव्हती, त्यांनी आपले जगणे स्वतःच्या भाषेत लिहून काढले, ही गोष्ट येथील तरुणांना फार जवळची वाटली.

लिहिले तरी छापणार कोण? या अडचणीतून १९६० नंतरच्या दशकात ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. पुढे गंगाधर पानतावणे यांनी ते ‘अस्मितादर्श’ या नावाने दीर्घकाळ चालवले. नाव विचार करण्याजोगे आहे. योगशास्त्रात अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक, म्हणजे मीपणाचा दोष. ज्यांना ‘मी’ म्हणण्याचाच अधिकार नव्हता, त्यांनी मात्र तोच शब्द अभिमानाने मस्तकी धारण केला! १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ ही संघटना स्थापन झाली. तिचे नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ या १९६६ सालच्या संघटनेवरून घेतले होते.

तरीही ही तुलना जपून करावी लागते. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. आपल्याकडे १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. कायदे दोन्हीकडे झाले, पण भेदाची खूण सारखी नाही. कातडीचा रंग दुरूनही दिसतो. जात अशी दिसत नाही. म्हणून येथे अनोळखी माणसाला आधी नाव विचारले जाते, मग आडनाव, मग गाव, आणि तेवढ्याने भागले नाही तर गावातील वस्ती.