टँकरच्या खेपा

पहाटे 3. मे महिन्यात लातूरच्या टँकरवाल्याचा दिवस थ्री-फेज लाईट येते तेव्हा उगवतो. शेतीपंपाला वीज आठ तास, तीही पाळीपाळीनं रात्रीची. मोटर चालू झाली की बोअरवर गाड्या लागतात. आमचा नंबर तिसरा.

पहाटे 4:30. पाईप टाकीत सोडून चालक बोनेटला टेकतो. बोअरच्या मालकानं यंदा ऊस वाळू दिला आणि पाणी विकायला काढलं. त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. पाण्याचे पैसे रोख मिळतात, उसाचे कधी येतील सांगता येत नाही. पाणीबाजाराचे समर्थक म्हणतात की किंमत लागली की पाणी जास्त गरजेच्या जागी वळतं. उसाकडून पिण्याकडे ते वळलं, हे इथे डोळ्यांसमोर दिसतं.

पण कुणाचं पाणी? 1882च्या सुविधाधिकार कायद्यानं जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी उपसण्याचा हक्क त्याचा. काळ्या पाषाणातल्या भेगांना मात्र बांध ठाऊक नाहीत. इथली मोटर जास्त चालली की शेजारच्या विहिरीचा तळ उघडा पडतो, आणि त्या शेजाऱ्याचं नुकसान टँकरच्या दरात कुठेच धरलेलं नसतं. शिवाय मीटर नसलेल्या कृषिपंपाचं बिल अश्वशक्तीवर निघतं. किती उपसलं याचा त्याच्याशी संबंध नाही. मग मोटर बंद कशाला करायची?

सकाळी 7. पहिली खेप शहरात, मुलींच्या वसतिगृहावर. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीसाठी बाहेरगावची मुलं इथे येतात आणि त्यांच्या पाण्याचा खर्च महिन्याच्या फीमध्ये बसतो. जमिनीखाली मोठा हौद आहे. गाडी अर्ध्या तासात रिकामी.

सकाळी 9. शहराच्या कडेची वस्ती. इथे हौद नाही, म्हणून अख्खा टँकर कुणाला घेता येत नाही. चार-पाच घरं मिळून वर्गणी काढतात, बॅरल भरून घेतात. ज्यांना तेही जमत नाही ते जार घेतात. 20 लिटरचा जार 20 रुपयांना धरला तरी लिटरला रुपया पडला. टँकरनं घेणाऱ्याला एवढा कधीच पडत नाही. साठवायला जागा नाही म्हणून गरिबाचं पाणी महाग, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते.

दुपारी 12. दुसरी गाडी सरकारी खेपेवर. तहसीलदारांनी अधिग्रहित केलेल्या विहिरीवर भरायची आणि गावच्या आडात ओतायची. हिशोब माणशी दिवसाला 20 लिटर. आडाभोवती दोरांची झोंबाझोंबी होते. ‘‘इथं पैसे न्हाईत, भांडणं लई,’’ चालक म्हणतो. मला ते भांडण मोलाचं वाटतं, कारण ते वाट्यावरून आहे.

दुपारी 3. झाडाखाली भाकरी. विषय 2016वर जातो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्याआधी, 2005च्या कायद्यानं राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं होतं. पाणीहक्क ठरवून ते हस्तांतरित करण्याची तरतूदही झाली होती. पण आज पहाटेच्या रांगेत असा ठरलेला हक्क कुणाच्याच हाती नव्हता. आधी वाटा ठरला पाहिजे, विक्री नंतर. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत तेच केलं: पाणी घरातल्या माणसांवर, जमिनीच्या एकरांवर नाही, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद.

संध्याकाळी 6. आणखी दोन खेपा, एक हॉटेलची, एक बांधकामाची.

रात्री 9. बोअरवाल्याचा फोन: पाणी तुटक येतंय, उद्या नका येऊ. चालक दुसरा पॉइंट शोधतो, तो आणखी लांब. डिझेल वाढलं, म्हणून दरही वाढला. मग तो वहीत उद्याचा क्रम लावतो. आगाऊ पैसे दिलेलं वसतिगृह पहिलं, मग हॉटेल. वस्तीला गाडी उरली तर.