बोगस टपाल तिकिटे : दिसायला देखणी, टपालाला निरुपयोगी

नवी दिल्ली : स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचे स्टाफा हे बेट तेथील दगडी स्तंभांसाठी आणि ‘फिंगल्स केव्ह’ या गुहेसाठी प्रसिद्ध आहे. या बेटावर वस्ती नाही. तेथे टपाल कचेरी नाही, पत्रपेटी नाही आणि पत्र लिहिणारेही कोणी नाही. असे असूनही १९७० च्या दशकापासून ‘स्टाफा’ हे नाव आणि किंमत छापलेली रंगीत तिकिटे जगभरातील संग्राहकांच्या वह्यांमध्ये आढळतात. त्यांपैकी काही तर सोन्याच्या वर्खावर उठविलेली आहेत. छपाई सुबक आहे, कडेचे दाते रेखीव आहेत. उणीव एकच : ती कोणत्याही देशाच्या टपाल खात्याने काढलेली नाहीत.

अशा तिकिटांना संग्राहकांच्या जगात ‘बोगस’ म्हटले जाते. घरातील वडीलधाऱ्यांची जुनी वही हाती आलेला वारसदार, खाऊच्या पैशांतून तिकिटांचे पाकीट विकत घेणारा विद्यार्थी आणि ऑनलाइन लिलावातील ‘दुर्मीळ’ या शब्दाला भुलणारा नवखा ग्राहक, या तिघांचीही त्यांमुळे फसगत होऊ शकते. ती टाळण्यासाठी भिंग आणि चिमटा पुरत नाही. तिकीट कोणी काढले आणि ते काढण्याचा अधिकार त्याला होता काय, हे आधी पाहावे लागते.

बनावट वेगळे, बोगस वेगळे

बोलताना ‘बनावट’ आणि ‘बोगस’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. तिकिटांच्या अभ्यासात मात्र त्यांत स्पष्ट फरक आहे. बनावट तिकीट ही खऱ्या तिकिटाची नक्कल असते. १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात निघालेले ‘सिंध डाक’ हे आशियातील पहिले टपाल तिकीट. त्याच्या असंख्य नकला बाजारात आल्या. कधी मूळ तिकीट खरे असते आणि त्यावरील छाप खोटा असतो. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या महात्मा गांधींच्या चार तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी ‘सर्व्हिस’ हा शब्द छापण्यात आला. असे केवळ १०० संच तयार झाल्याचे मानले जाते. त्यामुळे साध्या गांधी तिकिटांवर हाच शब्द उमटवून ती मोठ्या किमतीला विकण्याचे प्रयत्न होत आले आहेत.

या दोन्ही प्रकारांत तुलनेसाठी खरे तिकीट उपलब्ध असते. कागद, जलचिन्ह, छपाईची पद्धत, शाईची छटा आणि दोन सेंटिमीटर अंतरात बसणाऱ्या छिद्रांची संख्या यांचा मेळ घालून तज्ज्ञ निर्णय देतात.

बोगस तिकिटाला असे मूळच नसते. त्याची तुलना करायची तर कशाशी? त्याचा कागद अस्सल असू शकतो, छपाई नामांकित छापखान्यातील असू शकते. खोटा असतो तो त्यावरील दावा. म्हणूनच भौतिक तपासणीत निर्दोष ठरलेले तिकीटही बोगस असू शकते.

राजा, प्रजासत्ताक आणि राज्य

हा उद्योग तिकीट-संग्रहाच्या छंदाइतकाच जुना म्हणावा लागेल. पहिले चिकटवायचे टपाल तिकीट ‘पेनी ब्लॅक’ ब्रिटनमध्ये १८४० साली आले. त्यानंतर अर्धे शतक लोटण्यापूर्वीच, १८८८ मध्ये, मारी-शार्ल द मेरेना या फ्रेंच साहसवीराने आजच्या व्हिएतनामच्या डोंगराळ भागात स्वतःला ‘सेदांगचा राजा’ घोषित केले. त्याचे राज्य अल्पावधीत विरले. ‘सेदांग’ची तिकिटे मात्र आजही संग्राहकांकडे आहेत.

१९५० मध्ये इंडोनेशियातील अंबोन येथे दक्षिण मोलुक्कस प्रजासत्ताकाची घोषणा झाली. इंडोनेशियाच्या सैन्याने त्याच वर्षी अंबोन ताब्यात घेतले. त्यानंतर ‘रिपब्लिक मालुकू सेलातान’ या नावाची फुलपाखरे, पक्षी आणि फुलांची नयनरम्य तिकिटे बाजारात आली. ती छापली गेली होती दूर व्हिएन्नात. ओमानच्या बाबतीतही असेच घडले. ‘धोफार’ हा त्या देशाचा एक प्रांत आहे आणि देशाचे अधिकृत नाव ‘सल्तनत ऑफ ओमान’ असे आहे. तरीही ‘धोफार’ आणि ‘स्टेट ऑफ ओमान’ या नावांची तिकिटे अनेक वर्षे विकली जात होती.

भारतही यातून सुटला नाही. नागालँड १ डिसेंबर १९६३ रोजी भारतीय संघराज्याचे सोळावे राज्य झाले. पुढे काही वर्षांतच परदेशी बाजारात ‘नागालँड’ असे देशनाव असलेली तिकिटे दिसू लागली. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार टपाल हा विषय केंद्राच्या सूचीत येतो, त्यामुळे कोणत्याही राज्याला स्वतंत्र टपाल तिकीट काढता येत नाही. २०२३ च्या टपाल कार्यालय कायद्यानेही तिकिटे काढण्याचा अनन्य अधिकार भारतीय टपाल खात्याकडेच ठेवला आहे. अशा कागदांचा प्रश्न केवळ ग्राहकाच्या पैशांपुरता नसतो; एखाद्या प्रदेशाला देश म्हणून मिरविण्याचा तो प्रयत्न असतो.

खऱ्या देशाचे खोटे तिकीट

काल्पनिक देशाचे तिकीट नकाशा पाहून ओळखता येते. देश खरा आणि तिकीट खोटे असते तेव्हा काम अवघड होते. यादवी, सत्तांतर किंवा दुर्बल प्रशासन यांमुळे ज्या देशाची टपाल व्यवस्था कोलमडते, त्याचे नाव वापरणे सोपे जाते. सोमालियात १९९१ नंतर टपाल सेवा बंद पडली आणि आंतरराष्ट्रीय टपाल पुन्हा सुरू होण्यास २०१३ साल उजाडले. मधल्या काळात पत्रे जात-येत नव्हती, पण सोमालियाच्या नावाची तिकिटे बाजारात येत राहिली.

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर अशा तिकिटांचा पूर आला. रशियातील विविध प्रजासत्ताकांच्या आणि प्रदेशांच्या नावे चित्रपट तारका, मोटारी, मांजरे अशा लोकप्रिय विषयांवरील ताव छापले गेले. जॉर्जियाचा भाग मानल्या जाणाऱ्या अबखाझियाच्या नावाने १९९४ मध्ये निघालेल्या तिकिटांवर विनोदी अभिनेता ग्राउचो मार्क्स आणि गायक जॉन लेनन झळकले. मार्क्स आणि लेनिन यांच्या नावांवर केलेली ती कोटी होती.

या प्रकारांची झळ खऱ्या टपाल खात्यांना बसते. लहान देशांसाठी संग्राहकांना होणारी तिकिटांची विक्री हे उत्पन्नाचे एक साधन असते. हे उत्पन्न परस्पर भलत्याच्या खिशात जाते. म्हणून १८७४ मध्ये बर्न येथे स्थापन झालेली आणि आज संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेली युनिव्हर्सल पोस्टल युनियन ही संस्था सदस्य देशांनी कळविलेल्या बेकायदा तिकिटांबाबत परिपत्रके काढते. याच संस्थेच्या पुढाकाराने २००२ पासून अधिकृत तिकिटांची क्रमांकासह नोंदणी सुरू झाली. या पद्धतीत प्रत्येक तिकिटाला देशाची दोन अक्षरे, अनुक्रम आणि वर्ष यांनी बनलेला क्रमांक मिळतो. मात्र नोंदणी ऐच्छिक आहे आणि २००२ पूर्वीची तिकिटे तिच्यात नाहीत. त्यामुळे नोंद आढळली तर तिकीट अधिकृत समजावे. आढळली नाही तर शोध पुढे चालू ठेवावा.

तपासताना विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न नावाचा. तिकिटावरील देश किंवा प्रदेश नकाशावर आहे काय, त्या काळात त्याची स्वतंत्र टपाल व्यवस्था होती काय आणि देशाचे नाव अधिकृत रूपातच छापले आहे काय? आधुनिक भारतीय तिकिटावर देवनागरीत ‘भारत’ आणि रोमन लिपीत ‘INDIA’ असे नाव असते.

दुसरा प्रश्न नोंदीचा. स्टॅनली गिबन्स, स्कॉट, मिशेल यांसारख्या नावाजलेल्या सूचींत ते तिकीट आहे काय? मुख्य यादीत आहे की परिशिष्टात? परिशिष्टातील उल्लेख हा बहुधा सावधगिरीचा इशारा असतो.

तिसरा प्रश्न विषयाचा. डोंगराळ, भूवेष्टित देशाच्या नावावर एकाच वेळी डायनासोर, फुटबॉलपटू आणि हॉलिवूडच्या अभिनेत्री आल्या असतील तर शंका घ्यावी. मात्र एवढ्यावरून निर्णय देऊ नये, कारण काही अधिकृत टपाल खातीही असे विषय निवडतात.

चौथा प्रश्न वापराचा. ते तिकीट लावून प्रत्यक्ष प्रवास केलेले पाकीट कोणी पाहिले आहे काय? त्यावरील गाव, तारीख आणि टपाल दर यांचा मेळ बसतो काय? तिकिटावर शिक्का आहे, पण मागचा डिंक जसाच्या तसा आहे, याचा अर्थ शिक्का विक्रीपूर्वीच मारला गेला. काही अधिकृत खातीही असे करतात, म्हणून हा पुरावा अंतिम नव्हे; वापर झालेला नाही, एवढे मात्र तो निश्चित सांगतो.

पाचवा प्रश्न विक्रेत्याला विचारायचा. एकाच तिकिटाचे दाते असलेले, दाते नसलेले, उलट्या छपाईचे आणि बदललेल्या रंगांचे नमुने भरपूर प्रमाणात मिळत असतील, तर तो छपाईतील अपघात नसून मुद्दाम निर्माण केलेली ‘दुर्मीळता’ असण्याची शक्यता अधिक.

अनधिकृत ते सर्व बोगस नव्हे

घाईने निष्कर्ष काढला तर दुसऱ्या टोकाची चूक होऊ शकते. क्षयरोग निवारणासाठी विकली जाणारी ‘टीबी सील’ पाकिटावर टपाल तिकिटाशेजारी चिकटवलेली दिसते. ती टपाल तिकीट नाही, पण तसा दावाही करीत नाही. पावतीवरील महसूल तिकीट सरकारी असते, मात्र टपालासाठी नसते. इंग्लंडच्या किनाऱ्यापलीकडील लुंडी बेटाची तिकिटे १९२९ पासून निघतात. ती खासगी असली तरी बेटावरून मुख्य भूमीपर्यंत पत्र पोहोचविण्याची खरी सेवा त्यांमागे आहे.

क्षेत्र लहान असणे हाही दोष नव्हे. पुण्याजवळील भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची तिकिटे काढली. संस्थानाबाहेर त्यांचा उपयोग नव्हता, तरी संस्थानाच्या हद्दीत ती अधिकृतच होती. शारजा, अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन यांची १९६० च्या दशकातील झगमगीत तिकिटे अनेक भारतीय घरांतील वह्यांत आहेत. ती शासकांच्या परवानगीने परदेशी दलालांनी काढली होती. त्यांतील बहुतेकांचा टपालाशी संबंध नाममात्रच राहिला. १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिरातीची स्थापना झाली आणि पुढे या अमिरातींची स्वतंत्र तिकिटे इतिहासजमा झाली.

भारतीय टपाल खात्याच्या ‘माय स्टॅम्प’ योजनेबाबतही गैरसमज आढळतो. शुल्क भरून कोणालाही तिकिटाला जोडलेल्या भागावर स्वतःचे छायाचित्र छापून घेता येते. असे तिकीट अधिकृत व टपालासाठी वैध असते. परंतु त्या व्यक्तीच्या सन्मानार्थ सरकारने तिकीट काढले, असा त्याचा अर्थ होत नाही.

या सर्वांत वेगळे स्थान ‘आझाद हिंद’ तिकिटांचे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, ती बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. नांगर धरलेला शेतकरी, सूत कातणारी स्त्री, तुटलेल्या साखळ्या अशी चित्रे त्यांवर आहेत. ती टपालासाठी कधीच वापरात आली नाहीत. टपालाच्या काटेकोर व्याख्येत ती बसत नसली, तरी स्वातंत्र्यलढ्याचा दस्तऐवज म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही.

त्यामुळे जुन्या वहीत संशयास्पद तिकीट सापडल्यास ते फेकून देण्याचे कारण नाही. ते वेगळ्या पानावर ठेवावे, खाली ‘अनधिकृत’ किंवा ‘बोगस’ अशी स्पष्ट नोंद करावी आणि विकताना ती नोंद लपवू नये. किमती तिकीट घेण्यापूर्वी तज्ज्ञाचे प्रमाणपत्र मागावे. मुलांसाठी नवी तिकिटे घ्यायची असतील तर प्रमुख टपाल कार्यालयांतील फिलाटेलिक ब्युरो हे खात्रीचे ठिकाण आहे. तेथे मिळणारे पाच रुपयांचे साधे तिकीट सोन्याच्या वर्खावरच्या ‘स्टाफा’इतके झगमगत नाही, पण पत्रावर लावले तर ते पत्र पोहोचते.