नाव कुठं टाकलं?

वऱ्हाडात लेकरू सहा वर्षांचं झालं, की नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो: "पोराचं नाव टाकलं का शायेत?" काय शिकतो, कसं शिकतो, हे नंतरचं. गेल्या पंधरा वर्षांत अमरावती-अकोल्याकडच्या ज्या मोजक्या घरांनी हे नाव टाकलंच नाही, त्यांच्यापुढे सरकारचाही प्रश्न तोच होता. गणित किती झालं, मराठी कुठवर आली, याची चौकशी नाही, चौकशी पटाची.

हा प्रश्न उगाच आलेला नाही. पंजाबराव देशमुखांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शेतकऱ्यांच्या घरातली पोरं तिच्या आधारानं शिकली. ज्या मुलखात शाळेचा उंबरा ओलांडायलाच पिढ्या गेल्या, तिथं लेकराला मुद्दाम घरी ठेवणं म्हणजे भरल्या पोटाचे चाळे वाटणारच. माझ्या मनातला तो संशय अजून पुरता गेलेला नाही.

१ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं त्याच्या दहाव्या कलमात आहे. पण न घातल्यास शिक्षा काय, ते नाही. अभ्यासक्रमाच्या अटी आहेत त्या शाळेला. घर या कायद्याला दिसतच नाही. घरी शिकवणं गुन्हा ठरेल या धास्तीनं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २०१२ मध्ये केंद्रानं प्रतिज्ञापत्रात सांगितलं, की स्वेच्छेनं घरी शिकवणाऱ्यांच्या आड हा कायदा येत नाही. तिकडे न्यू यॉर्क राज्यात घरी शिकवायचं तर विषयांची ठरलेली यादी, वर्षाचा आराखडा आणि दर तिमाहीचा अहवाल द्यावा लागतो. आपल्याकडे यादीही नाही आणि विचारणाराही नाही. काहींना ही मोकळीक वाटते. मला ती निम्मी मोकळीक आणि निम्मी बेपर्वाई वाटते.

कारण मोजणी मात्र होते. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लागली. जुलै २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' आलं. या मोजणीत वीटभट्टीवर आईबापामागं गेलेलं मेळघाटचं कोरकू लेकरू आणि अमरावतीच्या फ्लॅटमध्ये आईजवळ अपूर्णांक शिकणारं लेकरू एकाच रकान्यात पडतात. पहिल्याला शाळा हवी असते आणि मिळत नाही, दुसऱ्याला नको असते. रकाना एकच.

मग या घरांनी विषय ठरवले कसे? बहुतेकांनी बालभारतीच आणली. पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, अध्ययन निष्पत्तींची यादीही तयार असते. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तर जिल्ह्यागणिक वेगळं. अकोल्याहून अमरावतीला बदली झालेल्या एका घरात मी दोन्ही जिल्ह्यांची पुस्तकं एका टेबलावर पाहिली. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यापाशी, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यापाशी, मायलेकी थांबल्या. पट्टा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला, त्यामुळे कोणतं पुस्तक धरायचं हा वादच मिटला. आजोळच्या विहिरीचं पाणी एका बाटलीत, नळाचं दुसऱ्या. दोन ताटल्यांत दोन्ही उन्हात वाळवली. विहिरीच्या पाण्याच्या ताटलीत पांढरा थर जाड बसला. ते पाणी भाजीला का चालत नाही आणि गावाला टँकर का लागतो, हे मग पोरीनंच विचारलं. यात विज्ञान झालं, भूगोल झाला, नागरिकशास्त्राचीही सुरुवात झाली. वहीत मात्र तारीख आणि दोन ओळी.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हा मोजक्यांचा प्रकार सगळ्यांच्या गळ्यात पडला. जुलैत पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम २५ टक्के कापला गेला. कोणता धडा गाळला तरी चालतो, हे पालकांना पहिल्यांदाच सरकारच्या तोंडून कळलं. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांचा तोच आधार. तेव्हाचे शालेय शिक्षण राज्यमंत्री बच्चू कडू अचलपूरचे आणि पालकमंत्री अकोल्याचे, म्हणून इकडच्या अपेक्षा जरा जास्तच. पण मेळघाटच्या डोंगरात रेंज नव्हती ती नव्हतीच. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट अमरावतीत आधी आली आणि शहर पुन्हा टाळेबंद झालं. एप्रिलमध्ये पहिली ते आठवी परीक्षेविना वर चढली. ग्रामीण भागातली पहिली ते चौथी उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे जून २०२० ला पहिलीत नाव टाकलेलं लेकरू वर्गात बसलं तेव्हा दुसरीचं निम्मं वर्ष सरलं होतं.

त्या काळात घराघरांत वाचन आणि गणित तेवढं तगलं, तेही सगळीकडे नाही. कला आणि कार्यानुभव कागदावरून गेले. प्रत्यक्षात तेच जास्त झाले. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक हाटणारं, पापड लाटणारं लेकरू 'खेळू, करू, शिकू' हे त्याच विषयांचं पुस्तक पुरं करत होतं, फक्त त्याचे गुण कोणी मांडत नव्हतं.

शाळा उघडल्या, पट भरले. घरी शिकवणारे पुन्हा मोजकेच उरले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, राज्यभर रान पेटलं आणि २९ जूनला तो मागं घेतला गेला. या घरांत वेळापत्रकातली एक ओळही हलली नाही. त्यांची काळजी दुसरीच असते, कागदाची. सातवीनंतर शाळा सोडलेल्या मुंबईच्या मालविका जोशीला २०१६ मध्ये एमआयटीनं घेतलं, पण बारावीच्या प्रमाणपत्राविना आयआयटीचं दार तिला बंद होतं, हे उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. म्हणून कोणी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या दहावीवर नजर ठेवतं, तिथं वय चौदा आणि पाच विषय. कोणी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाकडे वळतं: दहा वर्षं पूर्ण झाली की पाचवी, तेरा झाली की आठवी. उरलेले खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसायला अमरावती विभागीय मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरतात. विषयांची सक्ती तिथं पहिल्यांदा समोर येते, आणि नावही तिथंच पहिल्यांदा कुठंतरी लागतं.